रस्ता तुटला तर घरात किती दिवसांचं?

अभ्यासपाठ : अन्नसुरक्षा, समुद्रातल्या बेटांवरची आणि आपल्या डोंगरातली



वैशाख सरत आला की आपल्याकडे आगोटीची धांदल सुरू होते. मिरच्या वाळवून कुटायच्या, डाळी भरडून ठेवायच्या, लाकूडफाटा पडवीत रचायचा, शेणकुटं कोरड्यात न्यायची, बियाणं उन्हात टाकायचं. पावसाळ्याची ही बेगमी आपण आईकडून, सासूकडून शिकलो. तिला कुणी मोठं नाव दिलं नाही. आता सरकारी बैठकांत, प्रशिक्षणांत एक शब्द सारखा कानावर येतो : अन्नसुरक्षा. शब्द नवा असला तरी काम तेच आहे, आपल्या आगोटीचं.

या पाठात आपण तीन गोष्टी करणार आहोत. लांबच्या समुद्रातल्या छोट्या बेटांवर अन्नाचं काय चाललंय ते बघू. मग जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आणि खालच्या बागायती गावांत काय बदललंय ते बघू. शेवटी वही-पेन घेऊन आपल्याच घराचा हिशेब मांडू. पाठ मोठा आहे, एका बैठकीत संपणार नाही. दोन बैठकांत वाचा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मध्ये थांबवून बोलावं.

बेटाचा आणि आपला काय संबंध?

बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. तिथे जे पिकत नाही ते बोटीने येतं. बोट आली नाही, तर जे घरात आहे त्यावर दिवस काढायचे.

आता आपला पश्चिम पट्टा डोळ्यासमोर आणा. आहुपे, पिंपरगणे, कोंढवळ, इकडे आंबे-हातवीज, दुर्गावाडी, घाटघर. आषाढात दरड आली, मोरी वाहून गेली, ओढ्याला पूर आला, की एसटी बंद. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. डिंभे धरणाच्या पाण्याकाठच्या वाड्यांना तर पलीकडच्या गावाला जायचं म्हटलं तरी लांबून वळसा पडतो. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं गावच या धरणाच्या पाण्याखाली गेलं. वरची चांगली जमीन बुडाली आणि माणसं उतारावर राहिली.

३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर खाली आला. दीडशेच्या वर माणसं गेली. गाव गाडलं गेल्याचं बाहेरच्या जगाला कळलं ते नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकामुळे, कारण त्याला गावच दिसलं नाही. आपण जगापासून किती लवकर तुटू शकतो हे त्या दिवशी कळलं.

समुद्र नसला तरी पावसाळ्यात आपली कितीतरी गावं बेटंच होतात. म्हणून बेटावरच्या बायकांचा अनुभव आपल्या कामाचा आहे.

बोटीवर चालणारी चूल

आपल्या देशातलंच उदाहरण आधी घेऊ. लक्षद्वीप ही अरबी समुद्रातली आपली बेटं. सगळी मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत तिथे ६४ हजारांवर माणसं होती. नारळ भरपूर, मासे भरपूर, पण भात पिकत नाही. तांदूळ केरळच्या बाजूने जहाजाने येतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो, लहान गलबतं बंद होतात. म्हणून तिथे पावसाआधी धान्य भरून ठेवावं लागतं. त्यांचीही आगोटच म्हणायची! पण २०१७ मध्ये ओखी वादळ पावसाळा संपल्यावर, डिसेंबरच्या तोंडावर आलं आणि नारळाची झाडं, बोटी यांचं नुकसान करून गेलं. ज्या महिन्यात कुणी वादळाची वाट बघत नाही, त्या महिन्यात ते आलं.

त्याच्या खाली मालदीव हा देश. हजारावर बेटं, त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती. तिथला तांदूळ, पीठ, साखर जवळजवळ सगळी बाहेरून येते. आता एक गंमत बघा. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ओतूर, जुन्नर, नारायणगावकडच्या कांदा करणाऱ्या बायकांना तो काळ चांगला आठवत असेल, कारण भाव पडले. पण त्याच बंदीने मालदीवच्या चुलीवरचा कांदा अडला असता. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये भारताने मालदीवसाठी वेगळा कोटा ठरवून दिला. त्यात सुमारे ३५ हजार ७०० टन कांदा होता, शिवाय तांदूळ, पीठ, बटाटे, साखर, डाळ आणि अंडीसुद्धा. एका देशाच्या कागदावर सही झाली तर दुसऱ्या देशात भाजीला फोडणी मिळते, नाहीतर नाही. ज्याचं सगळं अन्न बाहेरून येतं, त्याची चूल दुसऱ्याच्या हातात असते.

अन्नासारखंच पाण्याचं. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले इथे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात आग लागली. हजारो माणसं पिण्याच्या पाण्याला मोताद झाली. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोहोचवलं. समुद्राच्या मधोमध राहून प्यायला पाणी नाही. आपल्याकडे धरणाच्या काठावर राहून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अळूच्या खड्ड्यात खारं पाणी

आणखी लांब, प्रशांत महासागरात तुवालू आणि किरिबाती हे छोटे देश आहेत. तुवालूची सगळी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर, लोकवस्ती ११ हजारांच्या आसपास. जमीन समुद्रापासून दोन-चार मीटरच उंच.

तिथल्या लोकांचं जुनं अन्न म्हणजे अळूच्या कुळातला एक मोठा कंद. तुवालूत त्याला पुलाका म्हणतात. वाळूची जमीन असल्याने ते लोक खोल खड्डा खणतात, खाली गोडं पाणी लागेपर्यंत. त्यात पालापाचोळा कुजवतात आणि कंद लावतात. असे खड्डे पिढ्यान् पिढ्या एका घराकडे असतात, जशी आपल्याकडे खाचरं.

हवा तापत चालल्यामुळे समुद्राची पातळी वाढते आहे. मोठ्या भरतीला खारं पाणी जमिनीखालून आत शिरतं आणि खड्ड्यातलं पाणी खारट होतं. अळू पिवळा पडतो, कंद कुजतो. वर्षानुवर्षं चाललेला खड्डा एका हंगामात निकामी होतो. मग घर दुकानाकडे वळतं. दुकानात काय असतं? पांढरा तांदूळ, मैदा, साखर, डब्यातलं खारवलेलं मांस, पाकिटातल्या शेवया. पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. प्रशांत महासागरातल्या कितीतरी बेटांवर आज मधुमेह आणि लठ्ठपणा फार वाढला आहे. भूक आणि साखरेचा आजार एकाच घरात राहायला आलेत.

इथे जरा थांबा आणि गटात विचारा : आपल्या वाडीतल्या दुकानात दहा वर्षांपूर्वी काय मिळायचं आणि आज काय मिळतं? शाळेतून आलेलं पोर नाचणीची भाकरी मागतं की पाच रुपयांचं पाकीट?

टिकोपिया : आठवडाभर बोट आली नाही

आता एक धीर देणारी हकीकत. सॉलोमन बेटांच्या देशात टिकोपिया नावाचं बेट आहे. अवघं पाच चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढं. माणसं हजाराच्या वर. २८ डिसेंबर २००२ ला झोई नावाचं फार मोठं चक्रीवादळ त्याच्यावरून गेलं. घरं उडाली, झाडं बोडकी झाली. संपर्क तुटला. मदतीची बोट पोहोचायला आठवडा लागला. सगळ्यांना वाटलं होतं, तिथे प्रेतंच सापडणार. पण बोट लागली तेव्हा कळलं, एकही माणूस दगावलं नव्हतं.

कसं झालं हे? एक तर वादळाची चिन्हं दिसताच लोक डोंगरातल्या कपारींत, उंचावरच्या आडोशाला गेले. आणि दुसरं, त्यांच्याकडे जमिनीत ठेव होती. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात, तशा फळाचा गर ते लोक पानांनी अस्तर केलेल्या खड्ड्यात दाबून आंबवतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. पीक भरपूर असेल तेव्हा खड्डा भरायचा आणि अडचणीच्या दिवसांसाठी राखायचा, ही तिथली जुनी रीत.

पुढे त्यांना बाहेरची मदत लागली नाही असं नाही. शेतं आणि झाडं गेल्यावर ती लागतेच. पण पहिला आठवडा, जो जीवन-मरणाचा असतो, तो त्यांनी स्वतःच्या ठेवीवर काढला. एवढीच गोष्ट या पाठातून घ्यायची आहे. सगळं आपणच पिकवायचं असा हट्ट नको, ते जमणारही नाही. पण बोट येईपर्यंतचे दिवस आपल्या हातात असले पाहिजेत.

आपल्याकडे काय बदललंय?

पाऊस बदललाय हे सांगायला शास्त्रज्ञ नको, पण नोंदी काय सांगतात तेही बघू.

ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी परतीचा पाऊस इतका लांबला की राज्यभर काढणीला आलेलं पीक भिजलं. आपल्या खाचरांत कापून ठेवलेल्या भाताला कोंब आले. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला, जुन्नर, आंबेगाव आणि आसपासच्या तालुक्यांत शेकडो मेंढ्या एका रात्रीत मेल्या. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२५ मध्ये पावसाळा मे महिन्यातच महाराष्ट्रात शिरला. शेताची तयारी व्हायच्या आत जमीन चिखल झाली.

म्हणजे पाऊस नुसता कमी किंवा जास्त झालेला नाही, तो बेभरवशाचा झालाय. आपली सगळी शेती आणि सगळी आगोट नक्षत्रांच्या भरवशावर बसवलेली. तो भरवसाच हलला.

पश्चिम पट्ट्यातली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे हिरडा. मार्चपासून बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा आणि त्या पैशांत पावसाळ्याचं मीठ-मिरची, तेल, डाळ, मुलांची वह्या-पुस्तकं आणायची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून आपल्या डोंगरातही घुसलं. जुन्नर-आंबेगावची हिरड्याची किती झाडं मोडली, उन्मळली! भाताचं पीक गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. हिरड्याचं झाड लावून लगेच फळ धरत नाही, त्याला कितीतरी वर्षं लागतात. भरपाईसाठी लोकांना मोर्चे काढावे लागले, तरी वर्षं गेली. हिरडा आपण खात नाही, पण आपल्या ताटातली डाळ हिरड्याची होती. ती गेली.

तिसरं, डोंगरउताराची पिकं. नाचणी, वरई, सावा, कुळीथ, खुरासणी. हे सगळं पूर्वी घरचं होतं. हळूहळू कष्ट जास्त, भाव कमी, कांडायला कुणी नाही म्हणून मागे पडत गेलं. स्वस्त धान्याच्या तांदूळ-गव्हाने भुकेला आधार दिला हे खरं आहे आणि तो हक्क सोडायचा नाही. पण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळात १० मिलिग्रॅमच्या आसपास. राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ताटातून नाचणी, डाळ, पालेभाजी गेली की ते आधी बाईच्या अंगावर दिसतं.

पूर्वेच्या बागायती गावांतल्या मैत्रिणींनी असं समजू नये की हा पाठ फक्त डोंगरातल्यांसाठी आहे. जिच्या शेतात पाच एकर टोमॅटो किंवा ऊस आहे, तिच्या घरात भाजी, डाळ, तेल, ज्वारी सगळं बाजारातून येतं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला भाव मिळाला तर घर भरलं, क्रेट रस्त्यावर ओतावे लागले तर उधारी. एकाच पिकावर उभं असलेलं घर म्हणजे एकाच बोटीची वाट बघणारं बेट.

अन्नसुरक्षेचे चार पाय

बाजेला जसे चार पाय, तसे अन्नसुरक्षेलाही चार आहेत. एक मोडला तरी बाज कलते.

पहिला, अन्न असणं. गावात, घरात, दुकानात धान्य आहे का?

दुसरा, ते आपल्याला मिळणं. दुकानात आहे, पण पैसा नाही, रेशनकार्डात नाव नाही, रस्ता बंद आहे, तर असून नसल्यासारखंच.

तिसरा, अंगी लागणं. पाणी स्वच्छ नसेल, पोरांना जुलाब असतील, ताटात नुसता भातच असेल, तर खाल्लेलं वाया.

चौथा, कायम टिकणं. दिवाळीत भरपूर आणि श्रावणात उपास, याला सुरक्षा म्हणत नाहीत. आपल्याकडे पूर्वीपासून आषाढ-श्रावण हे ओढीचे महिने. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात, आणि लावणीचं काम अंगावर. आदिवासी कुटुंबांसाठी सरकारने खावटी योजना काढली ती याच महिन्यांसाठी.

आपल्या घरांत एक पाचवा प्रश्नही विचारायला हवा : ताटावर शेवटी कोण बसतं? लावणीच्या दिवसांत सकाळी सहापासून पाण्यात उभी राहणारी बाई, गरोदर सून, स्तनदा आई, हीच जर तळाचं खरवडून खात असेल, तर भरलेल्या कणगीचा तिला काय उपयोग? धान्य कमी असतं तेव्हा घरातली बाई न बोलता स्वतःचा घास कमी करते आणि ते कुठल्याही सर्व्हेत येत नाही.

वही काढा : घराचा हिशेब

उदाहरणासाठी पाच माणसांचं एक घर धरू. कष्टाचे दिवस, म्हणून मोठ्या-लहानांची सरासरी काढून माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य.

रोजचं धान्य : २ किलो.
पावसाळ्याचे १२० दिवस : २४० किलो.
स्वस्त धान्य दुकानातून, प्राधान्य कुटुंब, माणशी ५ किलो : महिन्याला २५ किलो, चार महिन्यांचं १०० किलो.
तूट : १४० किलो.

ही १४० किलोंची तूट कुठून भरणार? घरचा भात असेल तर १०० किलो भातातून साधारण ६५ किलो तांदूळ निघतो. म्हणजे सुमारे २१५ किलो भात पावसाळ्यासाठी बाजूला ठेवला पाहिजे, बियाणं वेगळं. विकत घ्यायचं आणि ४० रुपये किलो धरलं, तर ५,६०० रुपये. हे पैसे मे महिन्यात हातात आहेत का? की ऑगस्टमध्ये उधारीने घेणार? हा फरक मोठा आहे.

डाळ माणशी रोज ५० ग्रॅम धरली तर चार महिन्यांना ३० किलो. इथेच बहुतेक घरांचा हिशेब मोडतो. घरचा कुळीथ, उडीद, वाल, घेवडा किती आहे ते लिहा.

आता दुसरा, छोटा हिशेब : रस्ता तुटला तर १५ दिवसांची ठेव. याच घराला ३० किलो धान्य, ४ किलो डाळ, २ किलो तेल, १ किलो मीठ, २ किलो गूळ, काडीपेटी, मेणबत्त्या किंवा बॅटरी, जीवनरक्षक घोळाची पाकिटं, पाण्यात टाकायचं औषध, आणि घरात कुणाला रोजची गोळी चालू असेल तर महिनाभराच्या गोळ्या. ही ठेव रोजच्या वापरातून वेगळी, उंचावर, कोरड्यात. दिवाळीला ती खाऊन टाकायची आणि पुढच्या आगोटीला नवी भरायची, म्हणजे किडत नाही.

गटाने काय करायचं?

एकेकटीने हिशेब करून भागत नाही. ज्या घराची तूट सर्वांत मोठी असते त्याच घराकडे साठवायला काही नसतं. म्हणून पुढची कामं गटाची आणि ग्रामसंघाची आहेत.

एक, धान्य बँक. गटात १२ जणी आहेत असं धरू. काढणी झाल्यावर प्रत्येकीने २० किलो भात किंवा नाचणी जमा केली, तर २४० किलो होतात. आषाढात सहा घरांना ४० किलोप्रमाणे देता येतात. परत करताना ४० ला ४२ किलो, म्हणजे साठा दरवर्षी थोडा वाढतो आणि तूट-फूट भरून निघते. जुन्या काळी सावकार सवाई-दिडीने धान्य द्यायचा. दिडीने ४० चे ६० परत करावे लागत. आपल्या बँकेचा नियम बैठकीत ठरवा, वहीत लिहा, आणि किल्ली एकीकडे, वही दुसरीकडे ठेवा. जिचं पीक गेलं तिला परतफेडीला एक वर्ष जास्त, हेही आधीच ठरवा. नाहीतर अडचणीत असलेली बाई लाजेने बैठकीला यायची थांबते.

नाचणी या बँकेला सर्वांत बरी. नीट वाळवली तर तिला सहसा कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. तांदळापेक्षा भात ठेवा, भातही जास्त टिकतो. कडुनिंबाचा पाला, चुलीची राख, कोरडी कणगी हे जुने उपाय चालतात. बियाण्याला आणि धान्याला विषारी पावडर एकत्र लावायची चूक करू नका.

दोन, बियाणं. डोंगरापलीकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईने केलेलं हे काम आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांकडे अजून जुन्या भाताची, वरईची, घेवड्याची नावं आहेत. कुठलं लवकर येतं, कुठलं पाण्यात उभं राहतं, कुठलं कमी पावसावर निभावतं हे त्यांना ठाऊक आहे. पाऊस बेभरवशाचा असताना एकच वाण पेरणं म्हणजे सगळी अंडी एकाच कोंबडीखाली ठेवणं. इंद्रायणी विकायला लावा, पण एक खाचर हळव्या वाणाचं असू द्या.

तीन, वरचं, मधलं आणि खालचं. वादळ झाडावरचं नेतं, पूर जमिनीवरचं नेतो, पण जमिनीखालचा कंद बहुतेक वेळा वाचतो. अळूच्या खड्ड्यात मात्र पाणी खालून आलं आणि कंदच गेला. म्हणून तिन्ही मजल्यांवर अन्न हवं. परसात शेवगा आणि पपई, मांडवावर घेवडा, दोडका, भोपळा, आणि जमिनीत रताळं, सुरण, कोनफळ. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू. एवढ्याला दोन गुंठेसुद्धा लागत नाहीत.

चार, रानातलं. कुरडू, भारंगी, चाई, करटोली, टाकळा, तेरा, शेवळं. या भाज्या लावणीच्या ओढीच्या दिवसांतच येतात, ही निसर्गाची सोय आहे. पण जाणत्या बाईकडूनच शिका. शेवळं आणि तेरा आंबट घालून नीट शिजवले नाहीत तर घसा खाजतो. कडू कंदांना धुण्या-उकडण्याची पद्धत असते. अनोळखी अळंबी कुणी कितीही सांगितलं तरी खाऊ नये. आणि मुळासकट उपटू नका, पुढच्या वर्षासाठी ठेवा. रानातून गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला आहे. गावाचा सामूहिक दावा झाला आहे का, हे ग्रामसभेत विचारा.

पाच, पाणी आणि उतार. डिंभे धरणात जमीन गेलेल्या आपल्याच लोकांनी हातावर हात ठेवले नाहीत. पडकई करून, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून श्रम करून, उतारावर भाताची खाचरं पाडली. धरणाचं पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या गाळपेर जमिनीवर पीक घेतलं. जलाशयात मासेमारीसाठी आदिवासी मच्छीमारांची सहकारी सोसायटी उभी केली. या कामात साथ देणाऱ्या शाश्वत संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणजे जगातल्या लोकांनी आपल्या डोंगराकडून शिकावं असंही काही आहे. फक्त माळीणनंतर एक काळजी घ्यायची : फार तीव्र उतारावर, घरांच्या वरच्या अंगाला यंत्राने जमीन कापायची नाही आणि पाण्याला वाट ठेवायची.

सहा, रेशन. २०२५ मध्ये पावसाळ्यामुळे जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांचं धान्य एकदम द्यावं असं केंद्र सरकारने सांगितलं होतं. लक्षद्वीपसारखीच ही तजवीज. आपल्या दुर्गम वाड्यांना दरवर्षी तसं मिळावं म्हणून ग्रामसंघाने एप्रिलमध्येच ठराव करून तहसील कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. कार्डात सुनेचं, नव्या बाळाचं नाव चढलं आहे का ते आताच बघा. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. गेल्या पाच वर्षांत आपला रस्ता सर्वांत जास्त किती दिवस बंद होता? त्या वेळी कोणाच्या घरात काय संपलं होतं?

२. आपल्या ताटातल्या किती गोष्टी गावातल्या आहेत आणि किती बाहेरून येतात? दगड मांडून दोन ढीग करा.

३. सासूच्या काळात घरात असलेलं आणि आता नसलेलं एक धान्य, एक भाजी, एक बियाणं प्रत्येकीने सांगा. त्यातलं परत आणता येईल असं काय?

४. गटात सर्वांत मोठी तूट कुणाची आहे? एकटी बाई, म्हातारं जोडपं, भूमिहीन घर, ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेर जाणारं कुटुंब. त्यांचं नाव धान्य बँकेच्या यादीत पहिलं आहे का?

५. आपल्या घरात काल रात्री शेवटी कोण जेवलं आणि त्याच्या ताटात काय होतं?

पाचवा प्रश्न अवघड आहे. उत्तर मोठ्याने सांगायची सक्ती नाही, पण घरी गेल्यावर विसरूही नका.

घराच्या हिशेबाचा कागद प्रत्येकीने भरून पुढच्या बैठकीला आणायचा आहे. जिला लिहिता येत नाही तिचा कागद शेजारणीने भरावा. गटाच्या सचिवांनी सगळ्या घरांची तूट एकत्र करून तो आकडा ग्रामसंघाच्या बैठकीत मांडावा. "आमच्या वाडीला पावसाळ्यात अमुक इतके क्विंटल धान्य कमी पडतं" असं कागदावर लिहून मागितलं, तर ग्रामपंचायतीलाही उत्तर द्यावं लागतं.